शब्दचर्चा: ‘८० टक्के समजात’ म्हणावं का?

निपाणी: समुद्री जिवाणूंच्या जीनोमतुलनेवर (जीनोम म्हणजे जिवाचा सगळा जनुकीय क्रम) मराठीत टिपणं तयार करायची आहेत. होमोलॉगसला ‘समजात’ म्हणतात, तर ‘ही दोन जनुकं ८० टक्के समजात आहेत’ हे वाक्य चालेल का? ऑर्थोलॉग, पॅरालॉगला काय म्हणावं? आपल्याकडच्या मुलांच्या कानावर कन्नडमधला ‘वंशवाहि’ असतो, ‘जनुक’ पुस्तकात भेटतो.

बेळगाव: नाही चालणार. समजात म्हणजे एकाच मूळ जनुकापासून आलेली. भावकी असते किंवा नसते, ती ८० टक्के नसते. टक्क्यांत मोजतात तो सारखेपणा. ‘८० टक्के सारखी, म्हणून समजात धरली’ असं लिहा.

पुढच्या दोन शब्दांसाठी देव्हाऱ्यातले टाक आठवा. भाऊ वेगळे झाले की प्रत्येक घर कुलदैवताचा आपला टाक करून घेतं. प्रजाती फुटताना अशी वेगळी झालेली जोडी ती ऑर्थोलॉग. मी ‘वाटणीची जोड’ म्हणेन. एकाच घरात त्या टाकाची दुसरी प्रत झाली तर पॅरालॉग, ‘घरची प्रत’. प्रोक्लोरोकॉकस या समुद्री जिवाणूच्या एमईडी४ या प्रकारात प्रकाश गोळा करणाऱ्या पीसीबी प्रथिनाचं जनुक एकच आहे, एमआयटी९३१३ मध्ये दोन. जीनोमही १६.६ लाख आणि २४.१ लाख अक्षरजोड्यांचे, तरी जिवाणूंची जवळीक ज्यावरून मोजतात त्या १६एस जनुकात दोघांचा फरक ३ टक्क्यांहून कमी!

एक मेख आहे. प्रत वाटणीआधीच झाली असेल, तर दोन घरांतल्या आडव्या जोड्याही पॅरालॉगच. त्यात एका घरानं एक प्रत गमावली आणि दुसऱ्यानं दुसरी, तर उरलेल्या दोघी एकमेकींच्या सर्वांत जवळच्या ठरतात आणि परस्पर-सर्वोत्तम जुळणीची पद्धत (दोन्ही बाजूंनी शोधलं तरी एकमेकींशीच सर्वांत जास्त जुळणाऱ्या जोड्या धरणारी) त्यांना वाटणीची जोड म्हणून दाखवते. शंका आली की त्या कुटुंबाचा वंशवृक्ष काढा, शेजारची जनुकंही जुळतात का ते पाहा.

खानापूर: बाहेरून आलेल्या जनुकांना ‘उसनी’ म्हणतात, ते मला खटकतं. उसनं परत द्यायचं असतं. पटकीच्या जिवाणूतली विषाची जनुकं एका जिवाणूभक्षी विषाणूसोबत आली, हे १९९६ मध्ये दाखवलं गेलं. ती आता त्याच्याच गुणसूत्रात नांदतात. ‘दत्तक’ म्हणा.

कारवार: सगळ्यांत आढळणाऱ्या जनुकांना ‘गाभा’ न म्हणता ‘सामाईक’ म्हणावं, उताऱ्यावरच्या जमिनीसारखं. गाभा म्हटलं की ती सर्वांत महत्त्वाची वाटतात. खरं तर ती फक्त निवडलेल्या सगळ्या जीनोममध्ये सापडलेली असतात, आणि नवा जीनोम घातला की यादी आखडते.

आखडण्याचं कारण कित्येकदा अपुरा जीनोम हेच असतं. २० जीनोम, प्रत्येक ९५ टक्के पूर्ण. तर खरोखर सगळ्यांत असलेलं जनुक विसांतही सापडण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे साधारण ३६ टक्के. २० पैकी १९ मध्ये असलं तरी सामाईक धरा, मग ती ७४ टक्क्यांवर जाते. अपुरा जीनोम तुकड्यातुकड्यांत असतो; तुकड्याच्या टोकाला जनुक मधेच तुटलं की त्याची दोन ‘फक्त इथलीच’ जनुकं मोजली जातात, तेही तपासा.

निपाणी: सार्वजनिक साठ्यातून उतरवलेल्या जीनोमच्या तयार जनुकयाद्या वापरू का?

कारवार: नको. प्रत्येकीची जनुकं वेगळ्या साधनानं, म्हणजे संगणक-प्रणालीनं, ओळखलेली असतात. जनुकाचा आरंभबिंदू बदलतो, छोटी जनुकं कुठे धरलेली, कुठे सोडलेली. फक्त क्रम घ्या आणि सगळ्यांवर एकच साधन, एकाच आवृत्तीचं, चालवा. टिपणात आवृत्तीचा आकडाही द्या.