बाजारासाठी काय बदललंत, काय बदलू दिलं नाहीत? (अनुभव धागा)

मी चित्रकार आहे. उपयोजित कला शिकले आणि गेली बरीच वर्षं पुस्तकांची मुखपृष्ठं, दिवाळी अंक, मसाल्याची पाकिटं, लग्नपत्रिका अशी कामं करते. माझ्याबरोबर शिकलेले जे गॅलरीत चित्रं लावतात, त्यांच्या लेखी मी 'कमर्शियल' झाले. पूर्वी मी यावर गप्प बसायचे. आता बसत नाही, कारण हा शिक्का आपल्याकडे कोणाकोणावर बसलाय ते पाहिलं तर त्या यादीत असल्याचा अभिमान वाटावा.

राजा रविवर्मांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि ज्या घरांनी जन्मात चित्र विकत घेतलं नसतं त्या घरांच्या भिंतीवर लक्ष्मी-सरस्वती आल्या. कलासमीक्षक हॅवेल आणि आनंद कुमारस्वामी यांनी त्यांच्यावर कडक टीका केली. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही मूळचे गोव्याचे. दलालांनी 1945 साली 'दीपावली' हा स्वतःचा अंक काढला. मुळगावकरांचे देव घरोघरी कॅलेंडरवर होते. लोकांनी त्यांची चित्रं कापून फ्रेम करून घेतली, पण कलेवर गंभीरपणे लिहिणाऱ्यांना त्यांची दखल घ्यायला फार वेळ लागला.

माझ्यापुरतं सांगते. रंग, अक्षरं, मांडणी, सगळं गिऱ्हाइकाच्या म्हणण्याप्रमाणे बदलते, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. पण एका मसालेवाल्यांनी पाकिटावरच्या बाईचं चित्र परत पाठवलं, 'जरा उजळ करा' म्हणून. मी नाही केलं. मिरची कांडणारी बाई उन्हात असते, ती सावळीच असणार. मी त्यांना पदराचा रंग बदलून दिला, भांडी चकचकीत करून दिली, चेहरा आहे तसा ठेवला. त्यांनी दुसरा चित्रकार पाहिला. तेव्हापासून काम घेतानाच सांगते की माणसांच्या कातडीचा रंग मी ठरवणार.

तुमचं काय? पोटासाठी काय बदललंत, काय बदलू दिलं नाहीत, आणि लोक काय म्हणाले?

पेण, गणपतीचा कारखाना

ताई, आमचा कारखाना आजोबांपासूनचा. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात घरटी कोणी ना कोणी मूर्तीच्या कामात आहे. आम्हाला दोन्हीकडून ऐकावं लागतं. पीओपी केली की शहरातले लोक म्हणतात, तुम्ही नद्या मारता. शाडू केली की भावकी म्हणते, कशाला तोट्यात जातोस?

शाडूची मूर्ती जड असते. पावसाळी हवेत वाळता वाळत नाही, घाई केली तर तडकते, गाडीत हादरा बसला तर हात सुटतो. पीओपी साच्यातून निघाली की थोड्या वेळात घट्ट, वजनाला हलकी, लांब पाठवायला सोपी. मे 2020 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नियमावलीत पीओपीवर बंदी आली. जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती करायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जन करायचं नाही या अटीवर. मधल्या काळात कारखानदाराने कुठल्या मालात पैसे घालायचे? आम्ही दोन्ही करतो आणि शाडूचा वाटा दर वर्षी वाढवतो. जे नुसते उपदेश करतात त्यांनी एकदा मे महिन्यात येऊन आमचं कर्जाचं खातं बघावं.

गिऱ्हाईक फोनवर फोटो घेऊनच येतं. मालिकेतला गणपती, पिळदार दंडाचा गणपती, खरा फेटा बांधलेला, खरं धोतर नेसवलेला, खडे लावलेला. हे सगळं मी करतो आणि मनापासून करतो. इथल्याच एका जुन्या मूर्तिकारांनी मला तोंडावर सांगितलं, "तू देव नाही, बाहुल्या करतोस." फार लागलं. पण फेटा आणि धोतर ही भक्ताची हौस आहे, आणि त्या हौसेवर आमच्याकडच्या बायका वर्षभर शिवणाचं आणि खडेकामाचं काम करतात.

आखणी मात्र मी कोणाला बदलू देत नाही. डोळे सगळ्यात शेवटी, सकाळच्या उजेडात, दोन्ही एका बैठकीत. आधी पापणीची कड, मग बुबुळ, मग त्यातला पांढरा ठिपका. नजर थोडी खाली, पाटासमोर बसलेल्या माणसाकडे जायला हवी. ती सरळ समोर गेली तर मूर्ती रागावल्यासारखी दिसते. एका घाऊक व्यापाऱ्याने सांगितलं, डोळ्यांना छाप वापरा, दुप्पट माल उचलतो. मी ती ऑर्डर सोडली. त्या सीझनला घरात बरंच बोलणं खाल्लं.

आणि एक. रंग दिल्यावर शाडू आणि पीओपी ओळखू येत नाही, त्याचा फायदा घेणारे आहेत. आमच्याकडे प्रत्येक मूर्तीच्या पाटाखाली लिहिलेलं असतं, कशाची आहे ते.

येवला, हातमाग

पेणच्या दादांचं शेवटचं वाक्य आमच्याकडे जसंच्या तसं लागू आहे. येवल्याच्या पैठणीला 2010 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, पण दुकानात हातमागाच्या साडीशेजारीच यंत्रमागाची 'सेमी' ठेवलेली असते. मी स्वतः सेमी विकतो. कॉलेजातल्या मुलीला, पहिल्या पगारात आईला साडी घेणाऱ्याला ती परवडते, आणि त्यांना मी दारातून परत पाठवणार नाही. काही विणकर मंडळींना हे आवडत नाही, त्यांचं म्हणणं मला कळतं. पण सेमी दाखवताना मी आधी ती उलटी करून पदराची मागची बाजू दाखवतो, शेजारी मागावरचा पदर ठेवतो, आणि दोन्हींतला फरक बोटाने सांगतो. निम्मे लोक तरीही सेमीच घेतात. त्यांतले काही लग्नकार्याला हातमागाची घ्यायला परत येतात.

नारायणगाव, तमाशा

मी फडातच, म्हणजे तमाशाच्या मंडळीतच वाढले, आईही फडातलीच. ताई, तुम्ही 'लोक काय म्हणाले' विचारलंत. आम्हाला लोक दोन टोकांनी बोलतात.

गुढीपाडव्याच्या सुमारास इथे राहुट्या लागतात. गावोगावचे पंच यात्रेची सुपारी द्यायला येतात. राहुटीत बसले की पहिला प्रश्न, पोरी किती? दुसरा, गाणी नवी आहेत का? तिसरा, लाइट किती? वग (तमाशातलं कथानाट्य) कोणता लावणार हे विचारणारा माणूस क्वचित. म्हणून आम्ही नवी गाणी बसवली, एलईडी घेतले, जनरेटरची गाडी वेगळी केली. दसऱ्याला फड बाहेर काढायच्या आधी कलावंतांना उचल द्यावी लागते. ढोलकीवाला, सोंगाड्या, नाचणाऱ्या मुली, आचारी, बिगारी, ड्रायव्हर, सगळ्यांची चूल त्यावर. ती रक्कम व्याजानं उभी करून मी परंपरेचं रक्षण करत बसू शकत नाही.

शहरातून अभ्यास करायला येणारे म्हणतात, हा तमाशा उरला नाही, ऑर्केस्ट्रा झाला. त्यांच्यातल्या एका बाईंना मी हात जोडून विचारलं, "तुम्ही तिकीट काढून कनातीत कधी बसलात?" त्या खऱ्या मनाच्या होत्या. पुढच्या वेळी मैत्रिणींना घेऊन आल्या, तिकीट काढून, पहाटेपर्यंत बसल्या.

दुसरं टोक म्हणजे पुढच्या रांगेतली पोरं. गण, म्हणजे सुरुवातीचं गणपतीचं स्तवन, सुरू झाला की शिट्ट्या, 'गाणं लावा'. तमाशातल्या थोर विठाबाई नारायणगावकरांचं नाव घेऊन आम्ही गणाला उभ्या राहतो. त्या बाईला 1957 आणि 1990 असं दोनदा राष्ट्रपतींच्या हातून पदक मिळालं, तरी म्हातारपणी हलाखी चुकली नाही. ते आम्ही जवळून ऐकलंय, त्यामुळे पैशाला मी कधीच नाव ठेवत नाही.

तरी आमच्या करारात एक ओळ असते: वग होणारच. रंगबाजी कितीही लांबो, पाऊस येवो, शेवटी वग लागतो. गाणी संपली की पोरं उठून जातात. मागे म्हातारी माणसं आणि अंगावर पोर घेतलेल्या बाया राहतात, आणि त्या वग संपेपर्यंत हलत नाहीत. एका मोठ्या गावानं यंदा सांगितलं, वग काढा, फक्त गाणी करा, रक्कम वाढवून देतो. मी सुपारी परत केली. मॅनेजर दोन दिवस बोलला नाही. नंतर त्याच तारखेला दुसऱ्या गावाची सुपारी आली, कमी पैशाची. गेलो.

न्यू जर्सी, भाजणी आणि फराळ

तमाशाच्या ताईंपुढे माझं फार लहान आहे, पण लिहिते. मी मंडळाच्या दिवाळीला कित्येक वर्षं चकल्या आणि चिवडा करून नेत होते, अर्थातच फुकट. ऑक्टोबर 2021 पर्यंत या राज्यात घरच्या स्वयंपाकघरात केलेला पदार्थ विकायला परवानगीच नव्हती. नियम बदलल्यावर मी परवाना काढला आणि दर लावला. ज्या मैत्रिणी डबे भरून नेत होत्या त्यांनीच 'हिने दिवाळीचा धंदा केला' असं बोलायला सुरुवात केली. फुकट करत होते तेव्हा मी गुणाची होते. माझ्या दोन दिवसांच्या उभं राहण्याला किंमत आहे हे सांगताना माझा आवाज थरथरला होता, तरी सांगितलं, आणि तो दर मी आजवर कमी केलेला नाही.

पाकीट बदललं, इंग्रजीत कृती छापली, तिखट वेगळं दिलं. भाजणीत मात्र तडजोड नाही. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. एका दुकानदाराने गव्हाचं पीठ मिसळून स्वस्त द्या म्हणून सुचवलं. त्याच्याकडे माझी भाजणी मिळत नाही.

पुणे, आता मुंबई. नाटक

पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, राज्य नाट्य स्पर्धा, मग प्रायोगिक, असा नेहमीचा रस्ता. मग एका विनोदी व्यावसायिक नाटकात घेतलं. पहिल्याच महिन्यात पुण्यातल्या ज्येष्ठ मित्राचा मेसेज आला, 'अभिनंदन. सांभाळ.' त्यातला दुसरा शब्द पुढे अनेकांच्या तोंडून ऐकला.

मला इथल्या सूराशी थोडं असहमत व्हायचंय. सगळ्यांनी एक गोष्ट निवडून ती राखलीय. माझी गोष्ट बदलत गेली, आणि मला ती बदलू द्यायची आहे. सुरुवातीला वाटायचं, संहितेत नसलेलं एक अक्षर बोलणार नाही. मग दौऱ्यात कळलं की शिवाजी मंदिरच्या दुपारच्या प्रेक्षकाचं हसू आणि सांगलीच्या रात्रीच्या प्रेक्षकाचं हसू वेगळ्या ठिकाणी येतं, आणि त्यासाठी थांबणं, एखादा शब्द पुढेमागे करणं हा या कामाचाच भाग आहे. प्रायोगिकमध्ये मला हे कोणी शिकवलं नव्हतं. तिथे पन्नास ओळखीचे चेहरे समोर असायचे. इथे घाम गाळून तिकीट काढलेला अनोळखी माणूस असतो, आणि त्याला मी जास्त बांधील आहे.

सध्या जे राखतो ते हे: कंत्राटी प्रयोगात मध्येच पडदा थांबवून पुढाऱ्यांचा सत्कार होऊ देत नाही. प्रयोगाआधी करा, नंतर करा. एका आयोजकांनी यावरून उरलेली नाईट (प्रयोगाचं मानधन) द्यायला खूप त्रास दिला. आम्ही सगळे कलाकार एकत्र उभे राहिलो म्हणून मिळाली. पुढच्या वर्षी कदाचित मी आणखी कशासाठी तरी उभा असेन.

कोल्हापूर, चप्पल

मी इंजिनिअर झालो आणि घरच्या कामात परत आलो. बाजारातल्या टीकाकारांआधी मला नातेवाइकांना तोंड द्यावं लागलं. "शिकून चामड्यालाच हात लावायचा होता तर शिकलास कशाला?" माझ्या वडिलांच्या पिढीला या कामापायी जे ऐकावं लागलं, त्यामुळे त्यांना असं वाटणं मी समजू शकतो. मलाही ते काम जातीच्या ओझ्यासारखं डोक्यावर नको होतं. हक्काचा धंदा म्हणून, माझ्या नावाच्या पाटीखाली हवं होतं.

2019 मध्ये कोल्हापुरीला जीआय मिळाला, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. जून 2025 मध्ये मिलानमध्ये प्राडा कंपनीच्या फॅशन शोमध्ये अगदी आपल्यासारखी चप्पल दिसली, आरडाओरडा झाल्यावर त्या कंपनीने मूळ इथलं असल्याचं मान्य केलं. त्या आठवड्यात मला इतके फोन आले की पुरे. बहुतेकांना भावना व्यक्त करायच्या होत्या. जोड मागणारे थोडे होते, त्यांना मी त्याच दिवशी माप विचारलं.

शहरातल्या गिऱ्हाइकासाठी मी रंगीत पट्टे केले, आत मऊ थर दिला, मागितला तर खाली रबर लावतो. जुने कारागीर रबर बघून मान हलवतात. पण टाइल्सवर चालणाऱ्या बाईचा पाय घसरत असेल तर तिचं म्हणणं बरोबर आहे. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलंच घेतो, आणि तळ चामड्याच्या वादीने शिवलेला असतो, खिळा नाही. एका जोडाचा तळ शिवायला जो वेळ जातो त्यात खिळ्यांचे कितीतरी जोड होतील, हे मला ऑनलाइन विकणाऱ्या प्रत्येक मध्यस्थाने ऐकवलंय.

येवल्याच्या दादांची उलटी बाजू दाखवायची रीत मी उचलणार आहे. दुकानात एक जोड मधून कापून ठेवतो, म्हणजे शिवण आतून दिसेल. आणि न्यू जर्सीच्या ताई, दर कमी करू नका. माझी आई तळ शिवते, तिची मजुरी मी यावर्षीपासून बिलात वेगळी लिहायला लागलोय. तीन गिऱ्हाइकांनी त्यावरून घासाघीस केली. बाकीच्यांनी वाचलं आणि पैसे दिले.