कॉरोनरचा 'नो मोअर कलर': रिफ कळते, मग हातात का बसत नाही?

तिरपी_मात्रा

मेगाडेथ, टेस्टामेंट, क्रिएटरपर्यंतचं थ्रॅश (वेगवान, आक्रमक मेटल) बऱ्यापैकी हाताखालून गेलंय. आता झुरिकच्या कॉरोनर बँडचा 1989 चा अल्बम 'नो मोअर कलर' बसवायला घेतलाय, सुरुवात 'डाय बाय माय हँड'पासून. मूळ वेगाच्या 80 टक्क्यांपर्यंत रिफ (गिटारची परत परत येणारी ओळ) स्वच्छ येते, त्यापुढे सगळा चिखल. वेगच कमी पडतोय म्हणावं तर याहून वेगवान गाणी वाजतात.

दुसरं, बँडमध्ये गिटारवादक एकच, तरी रेकॉर्डवर कुठे पोकळ वाटत नाही. आम्हीही तिघंच, पण सोलो सुरू झाला की खालची जमीन सरकते. अँप आणि गेट (वाजवणं थांबलं की गुणगुण बंद करणारी पेटी) कसं लावायचं? रेकॉर्डशी ट्यूनिंग किंचित जुळत नाही, हा कानाचा दोष की रेकॉर्डचा? आणि इतका घोटीव अल्बम थ्रॅशच्या याद्यांत कायम तळाला का?

उजवा_हात

वेग पुरेसा आहे हे तुम्हीच लिहिलंय. कमी पडतंय ते थांबणं.

हिशोब करून बघा. 180 च्या लयीत (मिनिटाला 180 मात्रा) एक मात्रा 333 मिलिसेकंदांची, तिचे चार भाग केले तर एकेक स्वर 83 मिलिसेकंदांचा. 200 ला तो 75 वर येतो. तेवढ्यात मागचा स्वर मेला नाही तर पुढच्या विरामाची जागा तोच खातो. बऱ्याच थ्रॅश रिफांत सगळ्यात जाड तार सतत म्यूट करून (तळव्याने दाबून) वाजत असते, त्यामुळे थोडी सांडलवंड तिच्या गुरगुरीत लपते. कॉरोनरचा गिटारवादक टॉमी व्हेटर्ली याच्या रिफा तारांवरून आडव्या धावतात आणि मध्येच कापल्यासारख्या थांबतात. तार बदलली की आधीची तार वाजत राहते, ती कुणी तरी बंद करावी लागते. ते काम दोन्ही हातांनी वाटून घ्यायचं.

डाव्या हाताचं बोट तारेवरून उचलू नका, फक्त दाब सोडा. मात्र एकच बोट नुसतं टेकवलं आणि ते नेमकं 5, 7 किंवा 12 व्या फ्रेटच्या पट्टीवर आलं, तर तार बंद होण्याऐवजी हार्मोनिक शिट्टी मारते. म्हणून शेजारचं दुसरं बोटही आडवं टेकवा. पहिल्या बोटाचं टोक वरच्या जाड तारेला हलकं लागलेलं राहू द्या आणि त्याच बोटाचा सपाट भाग खालच्या बारीक तारांवर. उजव्या तळव्याची कड ब्रिजच्या सॅडलवर (तारा जिथे टेकतात तिथे) हवी, पुढे सरकली की नुसता ठप्प आवाज येतो, स्वर कळतच नाही. तरंगता ब्रिज असेल तर तळव्याचा भार टाकू नका. ब्रिज दाबला जातो, तारा ताणल्या जातात, स्वर वर चढतो. 'म्यूट केलं की बेसूर' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथंच असतं.

आता 80 टक्क्यांची भिंत. 81, 82 करत ती सहसा फुटत नाही, कारण संथ लयीत चालणारी मोठी हालचाल वेगात चालतच नाही. दोन बार निवडा, 60 टक्क्यांवर वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि तरंगाकृती बघा. विरामाच्या जागी रेषा सपाट दिसली पाहिजे. तीन वेळा सलग सपाट आली की लय 4 ने वाढवा. भिंतीशी पोचलात की उलट करा: थेट 95 टक्के, पण फक्त पाच-सहा स्वरांचा तुकडा आणि पुढच्या मात्रेचा पहिला स्वर. तिथं थांबायचं. तो पुढचा स्वर वगळू नका, नाहीतर तुकडे सुटे वाजतात आणि एकमेकांना जोडता येत नाहीत.

आणखी एक, बहुतेक जण हे करतच नाहीत. प्रत्येक स्वराखाली पिकचा (तार छेडायच्या पट्टीचा) ठोका वर की खाली ते लिहून काढा. एका तारेवर विषम संख्येने स्वर असले तर तार बदलताना ठोक्याची दिशा उलटते, आणि पिक दोन तारांच्या मध्ये अडकतं. अशा जागी शक्य असेल तर एक स्वर शेजारच्या तारेवर हलवा किंवा डाव्या हाताने हॅमर करा (बोट तारेवर आपटून स्वर काढा). रिफ तीच राहते. पिक 1 ते 1.5 मिलिमीटर जाडीचं, आणि तारेच्या खाली त्याचं टोक जेमतेम उतरलेलं हवं. खोल रुतलं की प्रत्येक ठोक्याला तारेतून बाहेर काढण्यात वेळ जातो.

वॅट_कमी

अँपबद्दल. गेन (आवाज किती फाटवायचा ते ठरवणारं बटण) कमी करा. घरी एकट्याने वाजवताना जो गेन भरदार वाटतो, तो ड्रम सुरू झाले की नुसता घरघरतो. 10 पैकी 5 ते 6, त्याहून वर नाही. समोर ट्यूब स्क्रीमर जातीचा ओव्हरड्राइव्ह लावा: ड्राइव्ह शून्याजवळ, लेव्हल जवळजवळ पूर्ण, टोन मध्यावर. हा पेडल साधारण 720 हर्ट्झच्या खालचा भाग ड्राइव्हमध्ये जाण्याआधीच पातळ करतो, म्हणून पाम म्यूट फुगत नाही.

मिड कापू नका. बेस 4, मिड 6, ट्रेबल 5 ते 6 पासून सुरुवात करा. मधला भाग खणून काढलेला आवाज एकट्याने ऐकायला मस्त, पण या अल्बमचं सगळं काम मधल्या पट्टीत आहे. तीच काढली तर स्वर कोणते वाजताहेत हे कळायचं कसं?

गेट पेडलांनंतर, अँपच्या आधी. थ्रेशोल्ड (ज्या पातळीखाली गेट मिटतं ती) इतकाच की तारांवर हात ठेवल्यावर गुणगुण जाईल. रिलीज (गेट मिटायला लागणारा वेळ) 50 ते 80 मिलिसेकंद. त्याहून कमी केलात तर सोलोतल्या लांब स्वरांच्या शेपट्या तुटतात.

उजवा_हात

गेटबद्दल असहमत. सराव गेट बंद ठेवूनच करा. गेट चालू असलं की विराम तुमच्या हातानं घेतला की पेटीनं, हे कळत नाही. शिवाय वेगवान रिफेत दोन स्वरांमधला आवाज थ्रेशोल्डच्या खाली उतरतच नाही, म्हणजे खरी गरज असते तिथंच गेट झोपलेलं असतं. ते गाण्यातल्या मोठ्या थांब्यांसाठी. गेनचं जे लिहिलंय त्याला मात्र पूर्ण अनुमोदन.

वॅट_कमी

मान्य. सरावात बंद, रंगमंचावर चालू.

खर्जातला

तिघांच्या बँडचा प्रश्न बेसकडे येतो, आणि तो तसा निम्मा फसवा आहे. स्टुडिओत सोलोखाली रिदम गिटार वेगळी रेकॉर्ड केलेली आहे, त्यामुळे रेकॉर्डवर ते तिघं तिघंच नाहीत. त्या भरीवपणाशी थेट तुलना करू नका. तुमच्याकडे सोलोखाली फक्त बेस आहे, आणि त्याने रिफेचा मूळ स्वर धरून बसायचं नाही, रिफच वाजवायची. कॉरोनरचा बेसवादक रॉन रॉइसच्या ओळी शोधा. तो गातोही आणि वाजवतोही, पण नुसती मूळ स्वरांची गाडी हाकत नाही.

त्या ओळी मिक्समध्ये गिटारखाली दबल्यात, माझ्या मते अल्बमचा हा एकमेव खरा दोष. काढायची युक्ती: गाणं 70 टक्क्यांवर आणा, पट्टी एक सप्तक वर चढवा. बेस गिटारच्या उंचीवर येतो आणि स्वर कानाला लागतात. 50 टक्क्यांखाली नेऊ नका, सॉफ्टवेअरचाच खरखराट जास्त ऐकू येतो. एका वेळी एकच चॅनल, डावा किंवा उजवा, ऐकलात तर गिटारचीही गर्दी कमी होते.

आवाजासाठी सिग्नलचे दोन भाग करा. साधारण 200 हर्ट्झखालचा स्वच्छ ठेवा, वरच्या भागाला ड्राइव्ह द्या. सगळ्याच बेसला ड्राइव्ह दिलात तर खालचा दम जातो आणि सोलोखाली तोच तर हवा असतो. 700 ते 900 हर्ट्झच्या आसपास थोडा उठाव. गिटारला 80 ते 100 हर्ट्झखाली कापा, ती जागा बेस आणि किकची.

ड्रमरलाही सांगा की सोलोखाली क्रॅश झांजेचा मारा नको, राइड झांजेवर जा. क्रॅशचा झणत्कार गिटारच्याच पट्टीत पसरतो. आणि थांब्याच्या जागी झांज हातानं धरायची. तुम्ही दोघं अचूक थांबलात आणि क्रॅश दोन सेकंद झणझणत राहिला, तर विराम झालाच कुठे? कॉरोनरचा ड्रमर मार्क्विस मार्कीचं हाय-हॅट (पायानं उघडमिट होणारी झांजांची जोडी) नुसतं वेगळं काढून ऐका, ते केवढं उघडायचं आणि केव्हा मिटायचं यावर अर्धी रिफ उभी आहे.

तिरपी_मात्रा

तरंगाकृती बघितली. विराम सपाट नाहीत, जवळजवळ सगळ्यांत ए तार वाजत राहिलीय. कानाला हे जाणवलंच नव्हतं. ट्यूनिंगचं मात्र अजून कळलं नाही.

जुनी_कॅसेट

आधी ट्यूनिंग. त्या काळात टेपवरून काम व्हायचं, टेपचा वेग जरा बदलला की सगळं गाणं काही सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) वर-खाली. ते मोजा. गिटार एकटी लांब धरलेला स्वर शोधा, तो ट्यूनरला ऐकवा, किती सेंट फरक येतो ते टिपा. अशा तीन जागा बघा. तिन्हीकडे फरक एकच आला तर रेकॉर्ड सरकलेली आहे, वेगवेगळा आला तर त्या जागी तार खेचली गेलीय किंवा तुमचं ऐकणं चुकलंय. मग गिटार न पिळता फाइलची पट्टी तेवढ्या सेंटनी सरकवा. ते जमत नसेल तर ट्यूनरचा ए (संदर्भाचा स्वर, हर्ट्झमध्ये) बदला: 440 चा 443 केला की जवळपास 12 सेंट, 446 केला की 23. फरक शंभराच्या जवळ आला तर मात्र तो टेपचा दोष मानू नका, बँडनेच अर्धा स्वर खाली किंवा वर लावलंय असं समजा.

आता अल्बम तळाला का. झुरिकचे हे तिघे आधी सेल्टिक फ्रॉस्ट या बँडचे रोडी (दौऱ्यावर सामान लावणारे मदतनीस) होते, आणि त्यांच्या 1986 च्या 'डेथ कल्ट' डेमोवर गायलाय तोही फ्रॉस्टचाच टॉम वॉरियर. 'सेल्टिक फ्रॉस्टची पोरं' हे लेबल तिथूनच चिकटलं, आणि 1987 च्या 'आर.आय.पी.'पासून संगीत सरळ दुसऱ्या दिशेला जात असूनही निघालं नाही. मग वेळ हुकली. 'नो मोअर कलर'चं मिक्सिंग फ्लोरिडातल्या मॉरिसाउंडमध्ये स्कॉट बर्न्सने केलंय, म्हणजे डेथ मेटलचं माहेरघर झालेल्या त्याच स्टुडिओत. श्रोते झपाट्याने तिकडे वळत होते. 1991 ला 'मेंटल व्हॉर्टेक्स' आला तेव्हा मेटॅलिका थ्रॅश सोडून मोकळी झाली होती. 'ग्रिन' 1993 चा, तोवर बाजार उठलेला. 1996 ला बँड मोडला, आणि व्हेटर्ली क्रिएटरच्या 'आउटकास्ट' आणि 'एंडोरामा'वर वाजवताना दिसला. पुन्हा एकत्र यायला 2010 चं दशक उजाडलं, आणि नवा अल्बम 'डिसोनन्स थिअरी' तर थेट 2025 मध्ये आला. याद्या करणारी पिढी ज्या वर्षांत घडली त्या वर्षांत हे दुकानात सापडतच नव्हते.

खरं कारण तरीही संगीतात आहे असं मला वाटतं. अल्बम जेमतेम पस्तीस मिनिटांचा, गाणी आठ, आणि गर्दीने ओरडायचं धृपद जवळजवळ नाहीच. पहिल्या ऐकण्यात काहीच डोक्यात राहत नाही. डार्क एंजेलच्या 'टाइम डझ नॉट हील'वर कंपनीने 67 मिनिटं, 9 गाणी, 246 रिफा असं स्टिकर लावून मोठेपणा मोजून दाखवला होता. कॉरोनरचं मोठेपण असं मोजून दाखवता येत नाही, ते गाळलेल्या गोष्टींत आहे.

खर्जातला

'काहीच डोक्यात राहत नाही' हे 'लास्ट एंटरटेनमेंट'ला लागू नाही. तो शेवटचा तुकडा संथ, धुरकट, बाकी अल्बमसारखा अजिबात नाही, आणि 'ग्रिन'ची वाट तिथूनच फुटते.

जुनी_कॅसेट

खरं आहे. शिकणाऱ्यानेही तिथूनच सुरुवात करावी. वेग कमी, त्यामुळे विराम उघडे पडतात.

उजवा_हात

@तिरपी_मात्रा, ए तार राहतेय म्हणजे ई तारेवरून डी तारेवर जाताना मधली तार कुणीच धरत नाहीये. पहिलं बोट जरा जास्त आडवं ठेवा आणि त्याचं टोक ए तारेला नुसतं चिकटू द्या. तेवढ्यानं भागलं नाही तर नटजवळ (गिटारच्या मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीजवळ) तारांखालून कापडाची पट्टी अडकवून दोन दिवस वाजवा. मोकळ्या तारेचा झणत्कार त्यात मरतो, आणि मग उरलेला आवाज दाबलेल्या स्वराचा असेल तर दोष उजव्या हाताचा. पट्टी काढल्यावर पुन्हा रेकॉर्ड करून बघा.

त्यानंतरच वॉचटॉवरच्या 'कंट्रोल अँड रेझिस्टन्स'कडे वळा, तोही 1989 चाच. तिथं मात्रा मोजायलाच लागतात. सातची फेरी 2+2+3 अशी फोडून तोंडानं म्हणा, पाय मात्र एकसारखा चालू ठेवा. पाय त्या गटांमागे धावायला लागला की सम सापडत नाही. टॉक्सिकचा 'थिंक धिस' मधल्या काळात ठेवा, हात मोकळा करायला तो बरा.

तिरपी_मात्रा

कापडाची पट्टी लावली. ए तार गप्प झाली, पण आता जी तारेचा आवाज येतोय. उजवा हात तर उजवा हात.