मदत हवी आहे: मे महिन्यात वृद्ध आईसह महाबळेश्वर

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला घेऊन पुण्याहून एसटीने महाबळेश्वरला जाणार असून मुक्काम मुख्य बाजारपेठेजवळ ठरला आहे. गुडघेदुखीमुळे आईला पायऱ्या जमत नाहीत, सपाट रस्त्यावर मात्र ती सावकाश चालते. त्यामुळे प्रतापगड आणि आर्थर सीट आम्ही आधीच वगळले आहेत. सूर्योदयासाठी १४३९ मीटर उंचीचा विल्सन पॉइंट, क्षेत्र महाबळेश्वरातील पंचगंगा मंदिर आणि पाचगणीचे टेबललँड एवढेच पाहायचे आहे. वेण्णा तलावाच्या रस्त्यावर सुट्टीत लागणाऱ्या रांगांमध्ये अर्धा दिवस घालवण्याची तयारी नाही, नौकाविहाराची हौसही नाही.

स्थानिक टॅक्सीचालकांकडे फोनवर चौकशी केली, परंतु प्रत्येकाने ठरावीक पॉइंटांची यादीच वाचून दाखवली. वाहनतळापासून किती चालावे लागेल, हे कोणीही नेमके सांगितले नाही. आई कांदा-लसूण खात नाही आणि स्ट्रॉबेरी क्रीम किंवा कॉर्न पॅटिसवर तिचे जेवण भागणार नाही.

तेव्हा अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे: पंचगंगा मंदिरात पायऱ्या टाळून जाता येते का, आणि बाजारपेठेत कांदा-लसणाविना साधी भाजी-भाकरी रात्री कुठे मिळते?