शब्दचर्चा : ‘प्रोफेशनल रेसलिंग’ला मराठीत काय म्हणायचं?

भाषांतरवाली :
कोल्हापुरातल्या एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय, अमेरिकेतलं प्रोफेशनल रेसलिंग कुणी आणि कसं घडवलं यावर. शीर्षकातच अडलेय. मी ‘व्यावसायिक कुस्ती’ लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून ‘नुरा कुस्ती’ केलं. सासऱ्यांनी दोन्ही वाचलं आणि म्हणाले, “याला फ्री-स्टाइल म्हणतात.” जाणकारांनी सांगावं.

पेठेतला :
‘व्यावसायिक’ नको. निदान कोल्हापुरात तरी नको, कारण इथं त्याचा अर्थ उलटा लागतो. शाहू महाराजांनी देशभरातल्या मल्लांना आश्रय दिला, खुराक बांधून दिला, १९१२ साली खासबाग मैदान खुलं केलं. तिथं इनामावर लढणारा पैलवान व्यावसायिकच होता की! पैसे घेऊन खरी कुस्ती करायचा. हौशी म्हणायचं तर खाशाबा जाधवांना म्हणा. वर्गणी गोळा करून हेलसिंकीला गेले आणि १९५२ साली कांस्यपदक आणलं. म्हणजे आपल्याकडं हौशीही खरा आणि व्यावसायिकही खरा. तुमच्या लेखातला फरक पैशाचा नाहीच, निकाल आधी ठरलाय की नाही याचा आहे. तो ‘व्यावसायिक’मध्ये कुठं दिसतो?

गंगावेसकर :
बरोबर. पण ‘नुरा’ बी न्हवं ताई. नुरा म्हंजे खरी कुस्ती हाय असं सांगून मैदान भरवायचं आन् आतनं दोघांनी ठरवून घ्यायचं. बघणाऱ्याला पत्त्या नसतोय. ती फसवणूक हाय. आमच्याकडं नुरा केली असा नुसता संशय आला तरी पैलवानाचं नाव जातंय, वस्तादाला मान खाली घालाय लागती. टीव्हीवरचं ते रेसलिंग नुरा कसं म्हणायचं? बारकं पोरगं बी सांगतंय आता, ठरलेलं असतंय म्हणून.

आनि एक. निकाल न लागलेली कुस्ती म्हंजे नुरा न्हवं. दोघं काटा जोड असले तर तासभर बी हलत न्हाईत. मग पंच ‘बरोबरीत सोडवतात’. खडाखडीच चालली नुसती, म्हंजे डाव न टाकता हातानं चाचपत ऱ्हायले, तर खासबागेत लोक वरडत्यात, “निकाली करा!” तिकीट काढल्यालं असतंय, त्यांचं बी चुकत न्हाई.

पेठेतला :
गंगावेसकरांनी शेवटी जे लिहिलंय ना, तिकीट आणि निकाली, तिथंच अमेरिकेतल्या सगळ्या प्रकाराचं मूळ आहे. जरा लांबण लावतो.

तिकडं सुरुवात जत्रेतली. तंबूत पैलवान उभा करायचा आणि हाळी द्यायची, ‘याच्यापुढं इतकी मिनिटं टिका, पैसे न्या.’ गर्दीतून बाह्या सरसावत येणारा पहिला गडी बरेचदा त्यांचाच असायचा. या धंद्याची आतली भाषा त्या तंबूतली. ठरवून केलेली ती ‘वर्क’, खरी ती ‘शूट’, भोळा प्रेक्षक तो ‘मार्क’. बाहेरच्याला आतलं कळू न देण्याची जी आण असायची, ती ‘केफेब’.

पण त्याच काळात मोठ्या मैदानांत खऱ्या लढतीही होत होत्या. १९०८ साली शिकागोत फ्रँक गॉच आणि जॉर्ज हॅकनश्मिट दोन तास झुंजले. १९१० साली लंडनमध्ये आपला गामा आणि पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती. गामानं त्याला खाली घेतला, मग तो गडी पोटावर पडून राहिला तो राहिलाच. अडीच तासांच्या वर वेळ गेला आणि कुस्ती बरोबरीत. आठवड्यानं पुन्हा बोलावलं तर झिबिस्को आलाच नाही. जाणकाराला अशा कुस्तीतही रस असतो. पण दर आठवड्याला तिकीट काढणारा माणूस कशाला येईल?

१९२०च्या दशकात तिघांनी यावर उपाय काढला. पैलवान एड ‘स्ट्रँगलर’ लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि आखणी करणारा टूट्स माँट. लोक त्यांना ‘गोल्ड डस्ट’ त्रिकूट म्हणायचे. लढतीला वेळेची मर्यादा घातली, कुस्तीत बॉक्सिंगचे ठोसे आणि उचलून आपटणं मिसळलं, आणि पगारी पैलवानांचा ताफा करून गावोगाव नेला, थेट तमाशाच्या फडासारखा. आज कोण जिंकणार, पुढच्या महिन्यात त्याचा सूड कोण घेणार, सगळं आधी बसवलेलं.

यात खरी गंमत १९२५ची. त्यांनी वेन मन नावाच्या फुटबॉलपटूला विजेता करायचं ठरवलं. देखणा, धिप्पाड, कुस्ती मात्र बेताची. लुईस ठरल्याप्रमाणे त्याच्याकडून हरला. मग फिलाडेल्फियात मनसमोर हरायला म्हणून उभा केला कोण, तर तोच झिबिस्को! त्यानं ठराव मोडला आणि मनला खरोखर चीत केलं. सगळा बेत ओम्फस. तेव्हापासून त्या धंद्यात एक शहाणपण आलं, की विजेता दिसायला कसाही असो, वेळ आली तर त्याला खरी कुस्ती यायला हवी. तोच झिबिस्को १९२८ साली पतियाळाला गामापुढं उतरला आणि मिनिटभरही टिकला नाही. तोवर दोघंही पन्नाशीच्या आसपास होते, हेही लिहा, नाहीतर अन्याय होईल.

भाषांतरवाली :
दादा, हे सगळं लेखात घेणार! मग ‘फडाची कुस्ती’ म्हणू का? तमाशाचाही फड, कुस्तीचाही फड.

पेठेतला :
वाचायला छान आहे. पण कुस्तीचा फड म्हटलं की इथल्या माणसाला जत्रेतली खरीखुरी मातीतली कुस्तीच दिसणार. सांगायला गेलात तर भांडण व्हायचं.

रंकाळ्याकाठचा :
तुमच्या सासऱ्यांची बाजू घेतो. पन्नास-साठच्या दशकांत मराठीत या प्रकाराला फ्री-स्टाइल हेच नाव होतं. दारासिंग आणि हंगेरीत जन्मलेला किंग काँग यांच्या लढती, मुंबईत वरळीचं वल्लभभाई पटेल स्टेडियम, १९६८ साली दारासिंगनं लू थेझला हरवलं ती लढत, सगळं ‘फ्री-स्टाइल’. त्यातूनच वर्तमानपत्रांत ‘दोन गटांत फ्री-स्टाइल हाणामारी’ आली ती आजतागायत आहे. ग्रामसभेत खुर्च्या उडाल्या की बातमीदाराला दुसरा शब्द सुचत नाही.

अडचण अशी, की ऑलिंपिकमध्येही फ्री-स्टाइल हा प्रकार आहे. खाशाबांचं पदक त्यातलंच. खाशाबा आणि किंग काँग एकाच शब्दात बसवणं जिवावर येतं. त्यामुळं ऑलिंपिकवाल्या प्रकाराला ‘मुक्त शैली’ लिहायची काहींची पद्धत आहे. मला ती कोरडी वाटते, पण घोळ टळतो.

भाषांतरवाली :
माझ्या लेखाचा अर्धा भाग दारासिंगच्या आधीचा आणि अर्धा नंतरचा आहे. टीव्ही, मग मॅकमहन वगैरे. तिथं फ्री-स्टाइल चालेल?

रंकाळ्याकाठचा :
नाही चालणार. टीव्हीनंतरचा मामला वेगळा. अमेरिकेत टीव्ही आला तेव्हा गॉर्जस जॉर्ज नावाचा पैलवान केस कुरळे करून, झगा घालून, अत्तर फवारत रिंगणात यायचा आणि लोक त्याला शिव्या द्यायला टीव्ही लावायचे. १९४८ साली लढती भरवणाऱ्या प्रवर्तकांनी एनडब्ल्यूए ही संघटना काढून मुलूख वाटून घेतले, एकानं दुसऱ्याच्या हद्दीत जायचं नाही. १९८२ मध्ये धाकट्या विन्स मॅकमहननं वडिलांची कंपनी (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) विकत घेतली, केबलच्या जोरावर त्या हद्दी पुसल्या आणि १९८५ मध्ये रेसलमेनिया हा मोठा जलसा पहिल्यांदा भरवला. १९८९ साली न्यू जर्सीत त्याच्या कंपनीनं सरळ सांगून टाकलं की हे मनोरंजन आहे. क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर टाळायचा होता, बाकी काही नाही. केफेब सुटली ती पैशापायी.

गंगावेसकर :
म्हंजे शेवटी सरकारलाच सांगितलं त्यांनी. मग नुरा तर अजिबात न्हाई.

आमच्या तालमीत काय म्हणत्यात सांगतो. मातीतली ती कुस्ती. मॅटवरची बी कुस्तीच. टीव्हीवरचं ते ‘रेसलिंग’. पोरं आपसात लटक्या उड्या मारायला लागली की वस्ताद वरडतोय, “ए, रेसलिंग बंद करा!” शब्द तिथं तयारच हाय.

पेठेतला :
माझंही मत ‘रेसलिंग’ला. इंग्रजी म्हणून डाग नाही. मराठीनं या शब्दाला स्वतःचा, इंग्रजीपेक्षा अरुंद अर्थ दिलाय, आणि तोच तुम्हाला हवाय. गॉचपर्यंत ‘कुस्ती’ लिहा, १९२०नंतर ‘रेसलिंग’. संपादकांचं ‘नुरा’ १९२५च्या प्रसंगापुरतं ठेवा. तेव्हाच्या प्रेक्षकाला सगळं खरं म्हणूनच विकलं जात होतं, तिथं तो शब्द चपखल आहे.

भाषांतरवाली :
पटलं. एकच राहिलं. ‘चॅम्पियनशिप बेल्ट’? आपल्याकडं गदा असते म्हणून ‘मानाची गदा’ लिहावं असं एकानं सुचवलंय.

रंकाळ्याकाठचा :
गदा महाराष्ट्र केसरीला. त्यांच्या कमरेला गदा कशी बांधणार? ‘पट्टा’ लिहा. गामाला लंडनमध्ये मिळाला तोही पट्टाच होता.

गंगावेसकर :
फकस्त ‘कमरपट्टा’ नको. लोकांस्नी वाटंल पैलवान लग्नाला निघालाय.