मदत हवी आहे: वादळात वीज गेल्यावर ई-सिगारेटचे सेल चार्ज कसे ठेवावेत?

ह्यूस्टनमध्ये जुलै २०२४ च्या बेरिल वादळानंतर काही भागांत आठवडाभर वीज नव्हती. पुन्हा तशी वेळ आली, तर सिगारेट सोडलेल्या माणसाला दुकानातून पाकीट आणावं लागू नये, एवढंच साधायचं आहे.

मॉडमध्ये (ई-सिगारेटचा बॅटरीचा भाग) १८६५० या मापाचा (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) एकच ३००० एमएएचचा लिथियम-आयन सेल लागतो. पॉड (द्रवाची कुपी आणि तो तापवणारी कॉइल) १.२ ओहमचा, १२ वॅटवर. दिवसाला एक सेल पुरतो. चार्जर बाहेरचा, दोन खाचांचा, यूएसबीवर चालणारा. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून जेमतेम चार-पाच सेल भरतात, कारण बँकेच्या आत ५ व्होल्टपर्यंत चढवताना आणि तिथून सेलच्या ४.२ पर्यंतच्या व्होल्टेजवर उतरवताना बरीच ऊर्जा उष्णतेत जाते.

घडीचं २८ वॅटचं सोलर पॅनल थेट चार्जरला लावून पाहिलं. ढग आला की व्होल्टेज पडतं, चार्जर बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पॅनल आणि चार्जरच्या मध्ये पॉवर बँक ठेवली, तर पॅनलचा पुरवठा येता-जाता तिचं आउटपुट क्षणभर तुटतं. शिवाय सेल भरत आला, करंट १०० मिलिअँपिअरखाली गेला, की बँक स्वतःहून झोपते.

अपार्टमेंट आहे, त्यामुळे जनरेटर नको. कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो. गाडीत चार्ज करावं, तर ती उन्हात तापते आणि ४५ अंश सेल्सिअसच्या वर सेल चार्ज करायचा नाही. सुटे सेल प्लास्टिकच्या डबीतच असतात आणि रॅपर फाटलेला सेल वापरातून बाद, तेव्हा शॉर्ट सर्किटची काळजी नको.

आता विचार असा: १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, सोलर कंट्रोलर (पॅनलवरून बॅटरी नीट चार्ज करणारं उपकरण) आणि गाडीतला यूएसबी अडॅप्टर. ही जोडणी कमी करंटवरही चालू राहते का? की करंट कमी झाला तरी बंद न पडणारी, पॅनल लावलेलं असतानाही आउटपुट न तोडणारी पॉवर बँक कोणी प्रत्यक्ष वापरली आहे?