टीव्ही गेमचा चिरका आवाज: दोष कपॅसिटरचा की चिपचा?

गिरगावकर_६०पिन
मुंबईत ‘टीव्ही गेम’ म्हणून घराघरांत शिरले ते बहुतेक निन्तेन्दोच्या फॅमिकॉम या जपानी गेम-यंत्राचे क्लोन, म्हणजे नकला. आता जो तो जपानहून मूळ फॅमिकॉम मागवतोय, का तर म्हणे क्लोनचा आवाज चिरका. मला हे पटत नाही. आवाजाच्या वाटेतले दोन-तीन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदला, चांगला ९ व्होल्टचा ॲडॅप्टर लावा. सगळा माल लॅमिंग्टन रोडवर मिळतो. मग फरक ओळखून दाखवा.

ट्रँगलप्रेमी
ॲडॅप्टरचं मान्य. लोड पडल्यावर व्होल्टेज ७ च्या खाली गेलं की आतला ७८०५, म्हणजे ५ व्होल्ट स्थिर राखणारा रेग्युलेटर, हात टेकतो आणि १०० हर्ट्झची गुणगुण थेट आवाजात उतरते. सुकलेला कपॅसिटर खालचे सूर खातो, हेही खरं. पण चिरकेपणाचं खापर त्याच्यावर फोडू नका. झाकण उघडून बघा. डांबरी काळा ठिपका असेल तर विषय संपला, सगळ्या चिप त्या एका ठिपक्यातच आहेत. ४० पायांची यूए६५२७पी, म्हणजे आवाजही बनवणारी क्लोनची मुख्य चिप, दिसली, तर बहुधा तिच्यात पल्स (चौकोनी लहरीच्या) चॅनलची २५ आणि ५० टक्के ड्यूटी, म्हणजे लहर किती वेळ वर राहते ते प्रमाण, एकमेकींच्या जागी उलटी बसवलेली असते. गेम मागतो बासरी, चिप वाजवते पिपाणी. यावर कपॅसिटर काय करणार?

गिरगावकर_६०पिन
मग चिप बदलू. निन्तेन्दोची मूळ चिप २ए०३ पण ४० पायांचीच. सॉकेट लावा, काम झालं.

ट्रँगलप्रेमी
झालं नाही, तमाम झालं. पीएएल (आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या) क्लोनचा क्रिस्टल, म्हणजे चाल ठरवणारा भाग, २६.६०१७ मेगाहर्ट्झचा. यूए६५२७पी त्याला १५ ने भागते, म्हणजे १.७७३. २ए०३ भागते १२ ने, म्हणजे २.२१७. तिची ठरलेली चाल १.७९ ची आहे. वर चित्राच्या चिपशी ताळमेळ सुटतो तो वेगळाच. नीट करायचं तर २१.४७७ चा क्रिस्टल आणि चित्राची चिपही बदलावी लागेल. मग क्लोनचा उरला काय, डबा?

दादर_आरएफ
दोघंही ‘मूळ’ म्हणजे एकच यंत्र धरून भांडताय. १९८३ चा फॅमिकॉम, त्याचा अमेरिकेतला अवतार एनईएस आणि १९९३ चा एव्ही (चित्र-आवाज थेट तारेने देणारा) फॅमिकॉम, तिघांचे आवाज वेगळे. फॅमिकॉममध्ये ३७ हर्ट्झचा एक हाय-पास फिल्टर, म्हणजे त्याखालचे सूर दाबणारा. एनईएसमध्ये दोन, ९० आणि ४४० चे, शिवाय १४ किलोहर्ट्झचा लो-पास, म्हणजे वरचे सूर दाबणारा. हिशेब करा: ११० हर्ट्झचा सूर फॅमिकॉमवर जेमतेम अर्धा डेसिबल उतरतो, एनईएसवर १४ च्या वर. ट्रँगल (त्रिकोणी लहरीच्या) चॅनलचा सगळा खर्ज तिथेच बसलेला असतो! अगदी सुरुवातीच्या, अक्षर नसलेल्या २ए०३ मध्ये तर नॉइज (खरखरीच्या) चॅनलचा छोटा, धातूसारखा वाजणारा प्रकारच नाही.

आणि १९८३ च्या यंत्राला एव्ही नाही, फक्त आरएफ, म्हणजे टीव्हीच्या अँटेनाच्या वाटेने जाणारा सिग्नल. त्याचा ध्वनी-वाहक चित्रापासून ४.५ मेगाहर्ट्झवर, आपले जुने पीएएल टीव्ही शोधतात ५.५ वर. चित्र मिळालंच तरी आवाजाच्या जागी खरखर. म्हणून प्रत्येक जण एव्ही मॉड, म्हणजे आतल्या जोडणीत बदल, करून घेतो. मग जो ऐकता तो मूळ आवाज नव्हे, मॉड करणाऱ्याचा. घ्यायचाच तर एव्ही फॅमिकॉम घ्या. जपानी ॲडॅप्टर १०० व्होल्टचा असतो, तो इथल्या २३० च्या सॉकेटात खुपसू नका. आणि अमेरिकन एनईएसचा ॲडॅप्टर एसी देतो. फॅमिकॉमला एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर नाही, धूर निघेल.

पार्ले_नॉइज
क्लोनची एक बाजू कुणीच मांडली नाही. १.७७३ ची चाल मूळ १.७९० च्या इतकी जवळ आहे की सूर फक्त १६ सेंट, म्हणजे सेमीटोनच्या (पेटीच्या लगतच्या दोन सुरांतल्या अंतराच्या) १६ शतांश, उतरतो. निन्तेन्दोची स्वतःची पीएएल चिप १.६६३ वर चालते. जपानी गेम जशीच्या तशी टाकली तर सवा सेमीटोन खाली. म्हणजे सुरात क्लोन सरस! लय मात्र दोन्हींवर मंद, कारण गाणं फ्रेमवर चालतं आणि फ्रेम सेकंदाला ६० ऐवजी ५०.

गिरगावकर_६०पिन
चिपच्या बाबतीत माघार. खर्जाच्या बाबतीत नाही, तिथे कपॅसिटर बदलून फरक पडतोच. आता पुराव्यानिशी बोला. ड्यूटी क्रमाने वाजवणारी टेस्ट रॉम (चाचणीची फाइल) पुन्हा लिहिता येणाऱ्या फ्लॅश कार्ट्रिजवर घाला, लॅपटॉपच्या माइकमध्ये नको, लाइन-इनमध्ये रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लहर मोठी करून बघा. दुसरा सूर वर-खाली सारखा आणि तिसरा अरुंद दिसला, तर तुमची चिप उलटी.

दादर_आरएफ
तुलनेआधी दोन्ही रेकॉर्डिंगची पातळी सारखी करा. जे मोठं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं. आणि खऱ्या फॅमिकॉमवर चित्र स्वच्छ पण आवाज शून्य असेल, तर चिपला दोष देण्याआधी कार्ट्रिजचे ४५ आणि ४६ नंबरचे पाय आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा. आवाज कार्ट्रिजमधूनच फिरून येतो, आणि आपल्या पावसाळ्यात त्या पायांवर हिरवा थर चढायला एक सीझन पुरतो.