मदत हवी आहे: सिगारचा वास फार आवडला, पण ओढल्यावर ती चव सापडत नाही

नमस्कार मंडळी. मी उदगीरचा, वय ४१, मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. आजवर विडी-सिगारेटला हात लावलेला नाही, गुटखा-मावा तर नाहीच. वडील विड्या ओढायचे आणि पहाटे त्यांच्या खोकल्यानं आम्हा भावंडांना जाग यायची. त्यामुळं धूर म्हटलं की डोक्यात तीच आठवण.

दिवाळीत मेहुणे मस्कतहून आले. त्यांनी लाकडी पेटीत पाच सिगार आणले होते. न पेटवलेला एक सहज नाकाशी धरला आणि तसाच धरून बसलो. गुऱ्हाळात काहिलीतला रस आटत आला की जो वास सुटतो तो, त्यात सुकलेल्या कडब्याचा, आणि मागं कुठंतरी नव्या कोल्हापुरीचा. माझं अर्धं काम नाकावर चालतं. वाइंडिंग जळालंय का, वॉर्निश कच्चं राहिलंय का, हे मोटार उघडायच्या आधीच कळतं. इतका भरलेला वास मी कधी घेतला नव्हता.

त्याच रात्री गच्चीवर पेटवला. जेवण व्हायचं होतं. विडी ओढतात तसे एकामागून एक झुरके घेतले. दहा मिनिटांत कपाळाला घाम फुटला, गरगरायला लागलं, उलटी झाली. जीभ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कडू. ज्या वासासाठी पेटवला तो कुठंच नाही. दुसरा सिगार एप्रिलमध्ये काढला तर वरचं पान पापडासारखं तडकलेलं. भराभर जळला, चटका बसावा इतका गरम धूर आला, आणि संपला. मधल्या काळात एका मोठ्या शहरातल्या दुकानातून व्हॅनिलाच्या वासाचे छोटे सिगार घेतले. ओठाला गोड लागतात, पण आत खोकल्याचं औषध आणि जळका कागद.

पेटीत तीन उरलेत. मला कळायला हवंय ते हे: वरून वास न लावलेला, पानाचीच चव असलेला, नवख्याला सोसेल असा सिगार कोणता? काळपट पानाचा म्हणजे कडक असतो का? नाकाला मिळतं ते जिभेला का मिळत नाही? आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात हे तीन टिकवायचे कसे? पानटपरीवर विचारलं की व्हॅनिला आणि चॉकलेटच्या पुढं माहिती मिळत नाही. सवय लावून घ्यायची नाही. दोन महिन्यांतून एखादा, तोही नीट, एवढीच इच्छा आहे.

गोदाकाठ (नांदेड)

भाऊ, तुमची पोस्ट वाचून मला माझा पहिला चिरूट आठवला. बावीस वर्षं मालवाहू जहाजांवर भटारखान्यात होतो, तिथं शिकलो ते सांगायलो.

चव का गेली ते आधी. सिगार तापला की सुगंध जळून जातो आणि कडवटपणा राहतो. विडी सारखी ओढत राहिली नाही तर विझते, म्हणून आपल्याकडं भराभर झुरके घ्यायची पद्धत. सिगारचं उलटं आहे. मिनिटाला एक झुरका, तोही हलका. हातात धरल्यावर बोटांना गरम लागायला लागला की खाली ठेवा, दोन मिनिटं विसरा. विझला तर राख झटकून परत पेटवा, त्यात काही बिघडत नाही. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडातच फिरवून सोडायचा. सोडताना थोडासा, अगदी थोडासा, नाकावाटे जाऊ द्या. तुमचं नाक तयार आहे, त्यामुळं तुम्हाला हे लवकर जमेल. चवीचा मोठा भाग नाकातच कळतो, जीभ गोड-कडू-खारट-आंबट असं मोजकंच सांगते. धूर नाकाकडं गेलाच नाही, तर गुऱ्हाळ कुठून सापडणार?

गरगरलं ते निकोटीनमुळं. धूर गिळला नाही तरी ते तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं, आणि रिकाम्या पोटी फार लागतं. जेवून बसा, शेजारी पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा ठेवा. मळमळायला लागलं की सिगार बाजूला, गूळ तोंडात. त्या दिवशी परत पेटवायचा नाही.

कापताना टोपीचा, म्हणजे ओठात धरायच्या बंद टोकाचा, फक्त वरचा भाग उडवा, दोन मिलिमीटर पुरे. खोल कापलात तर पान उलगडतं. पेटवायला साधा गॅसचा लायटर किंवा लांब काडी. पेट्रोलच्या लायटरचा वास पानात उतरतो. आधी ज्योत लांबून फिरवत टोक भाजून घ्या, वांगं भरतासाठी भाजतो तसं सगळीकडून, मग पहिला झुरका.

आता पान. सिगारला तीन थर असतात: बाहेरचं वेष्टनाचं पान, त्याच्या आतलं बांधणीचं पान, आणि पोटात भरलेली पानं. पोटातली पानं झाडाच्या कोणत्या भागातली आहेत यावर ताकद ठरते. शेंड्याकडच्या पानांना ऊन जास्त लागतं, ती जाड आणि कडक, त्यांना लिगेरो म्हणतात. मधली सेको, सुगंधाची. खालची वोलाडो, नीट जळावं म्हणून. तुम्हाला लिगेरो कमी असलेला हवा.

वेष्टनाच्या रंगावरून ताकद ओळखू नका, ही चूक सगळेच करतात. अमेरिकेतल्या कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात तंबाखूवर कापडाचे मांडव घालतात, आपल्याकडं मिरचीला शेडनेट घालतात तसे. ऊन चाळून येतं म्हणून पान पातळ, फिकट, सौम्य होतं. इक्वेडोरमध्ये तेच बियाणं लावतात, तिथं आभाळच ढगाळ असतं. मादुरो नावाचं काळं पान जास्त दिवस आंबवलेलं असतं. ओला कडबा गंजीत घातला की आतून तापतो ना, तसंच पानांचे ढीग लावतात, तापले की उलथतात, परत लावतात. त्या उष्णतेत कडवटपणा कमी होतो आणि कोको-मनुक्यासारखी गोडी येते. म्हणजे काळा सिगार सौम्य असू शकतो आणि फिकट सिगार डोकं फिरवू शकतो. तुम्हाला गुळाचा वास आवडला म्हणता, तर पुढं कधीतरी सौम्य मादुरो तुमच्यासाठीच आहे.

नावं हवी असतील तर डोमिनिकन रिपब्लिकमधला मॅकानुडो कॅफे किंवा अ‍ॅश्टन क्लासिक, दोन्ही फिकट पानाचे आणि मऊ. क्युबाचेच हवे असतील तर एच. अपमन किंवा ओयो दे मोंतेरे. पार्तागास आणि बोलिवार सुरुवातीला नकोत. आकार छोटा घ्या. जाडी इंचाच्या ६४ भागांत मोजतात. ४२ जाडीचा, पाच इंचांच्या आसपासचा पेटिट कोरोना अर्ध्या-पाऊण तासात होतो. ५० जाडीचा रोबुस्टो तासभर चालतो, नवख्याला तो शेवटी जड जातो.

घेताना एक बघा. आपल्या देशात कायदेशीर विकल्या जाणाऱ्या तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत चित्रासह इशारा असतो. तो नसेल तर माल चोरवाटेनं आलेला आहे. आणि काचेचं झाकण असलेली क्युबन पेटी कुणी दाखवली तर ती हमखास नकली.

विषय निघालाच म्हणून सांगतो. चिरूट हा शब्द तमिळ चुरुट्टूवरून आला, म्हणजे गुंडाळलेलं. आणि आपली गोदावरी पैठणवरून, नांदेडवरून पुढं आंध्रात समुद्राला मिळते तिथं नदीत बेटं आहेत, त्यांना तेलुगूत लंका म्हणतात. त्या गाळाच्या बेटांवर पिकलेल्या तंबाखूचे लंका चिरूट इंग्रजांच्या काळात विलायतेपर्यंत जायचे. घाटावर बसलं की मला हे नेहमी आठवतं. पण तो तंबाखू कडक, तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका.

दातांची डॉक्टर (लातूर)

मी लातूरमध्ये दंतवैद्य आहे. धागा वाचला आणि राहवलं नाही. तुम्ही आजवर तंबाखूपासून लांब राहिलात आणि वडिलांचा खोकला जवळून पाहिलाय, म्हणून मोकळेपणानं लिहिते.

वर काकांनी लिहिलेलं निकोटीनचं बरोबर आहे, पण ते अर्धं आहे. सिगारच्या तंबाखूचा धूर अल्कधर्मी असतो, म्हणून तो छातीत न घेताही निकोटीन मिळतं आणि सवय लागू शकते. धूर छातीत घेतला नाही म्हणजे धोका टळला, असं नाही. तो तोंडात फिरतो, लाळेबरोबर खाली उतरतो. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका या सगळ्यांच्या कर्करोगाशी सिगारचा संबंध सिद्ध झालेला आहे. सिगारेटमध्ये एक ग्रॅमच्या आत तंबाखू असतो, मोठ्या सिगारमध्ये पाच ते वीस ग्रॅम. म्हणजे एकच ओढला, हे वाक्य फसवं आहे. आंध्रच्या किनाऱ्यावर काही बायका चुट्टा, म्हणजे तिकडचा गावठी चिरूट, पेटतं टोक तोंडात धरून ओढतात आणि त्यांच्या टाळूवर काय होतं, हे आम्हाला शिकताना दाखवतात. ते फोटो मी अजून विसरलेले नाही.

रोज ओढणाऱ्यापेक्षा दोन महिन्यांतून एक ओढणाऱ्याला धोका कमी, हे खरं. पण सुरक्षित असं कोणतंच प्रमाण नाही. ओढणारच असाल तर घरात, मुलांजवळ नको. वर्षातून एकदा तोंड तपासून घ्या. गालाच्या आत, जिभेच्या कडेला पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तोंड पूर्वीइतकं उघडेना, तर थांबू नका. आणि दोन महिन्यांचे एक महिना व्हायला लागले, हात आपोआप पेटीकडं जायला लागला, तर १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत मदतवाहिनी आहे. तिथं तंबाखू सोडायला मदत करतात. सिगार ओढणाऱ्यांनीही फोन करायला हरकत नाही.

धागाकर्ता

काका, डॉक्टर, दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टर, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. तपासणीला पुढच्या आठवड्यात येतोय. काका, नाकावाटे धूर सोडायचं मला कुणीच सांगितलं नव्हतं.

आता उरलेल्या तिघांचं बघायचंय. एक तडकायच्या बेतात आहे. पाण्याची वाटी पेटीत ठेवू का? की सरळ माठाजवळ ठेवू? घरात कूलर आहे, त्या खोलीत ठेवलं तर?

बालाघाटी (अंबाजोगाई)

कूलरच्या खोलीत नको आणि पाण्याची वाटीही नको. कूलर चालू असतो तेव्हा हवा ओलीचिंब, बंद केला की दुपारी परत कोरडी ठणठणीत. पान फुगतं, आकसतं, फुटतं. पाण्याची वाटी ठेवली तर बुरशी धरते. माठाजवळ तेच.

स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, ज्यात मसाला कधी ठेवलेला नाही असा. सिगारमध्ये वास फार लवकर मुरतो. त्यात ६५ टक्के आर्द्रतेची पुडी टाका, बोव्हेडा नावाची मिळते. हवा कोरडी झाली की ती ओलावा सोडते, जास्त झाली की शोषून घेते. सोबत छोटा आर्द्रतामापक ठेवा, पण त्याच्यावर डोळे झाकून विश्वास नको. आधी तपासा: बाटलीच्या टोपणात मीठ घ्या, चिखल होईल इतकंच पाणी घाला, मापक आणि टोपण एका बंद पिशवीत रात्रभर ठेवा. आकडा ७५ यायला हवा. जितका फरक, तितका पुढं लक्षात ठेवायचा.

घाई करू नका. वाळलेलं पान आठवड्यात ओलं करायला गेलात तर आतलं फुगतं आणि वरचं फाटतं. महिना तरी जाऊ द्या. गेलेला सुगंध पूर्ण परत येत नाही, पण जळणं सुधारतं.

आणि उष्णता. तंबाखूत एक बारीक तपकिरी किडा होतो, पानात अंडी असली तर पंचविशीच्या वर तापमान गेलं की बाहेर येतो. आपल्याकडं मे महिन्यात घरातच पस्तीस असतं. डबा घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, जमिनीलगत ठेवा. पानाला टाचणीएवढी भोकं दिसली तर सिगार बंद पिशवीत घालून तीन दिवस फ्रीजरमध्ये, एक दिवस खाली फ्रीजमध्ये, मग बाहेर. एरवी फ्रीजमध्ये ठेवू नका, तो ओलावा ओढून घेतो.

हा सगळा खटाटोप नको असेल तर हॉलंड आणि स्वित्झर्लंडकडचे छोटे कोरडे सिगार बघा, व्हिलिगर वगैरे. ते मुळातच कोरडे बनवतात, पुडी-डबा लागत नाही. त्यात वास न लावलेले घ्या. चवीला क्युबनइतकी खोली नाही, पण आपल्या हवेला तेच सोसतात.

धागाकर्ता

सहा आठवड्यांनी लिहितोय.

डबा केला. मिठाच्या परीक्षेत माझा मापक ७० दाखवत होता, म्हणजे पाचानं कमी. ते कळलं नसतं तर मी आणखी ओलावा घालत बसलो असतो. तडकायच्या बेतातला होता तो वाचला नाही, पान उलगडलं. काल दुसरा काढला. रात्री भाकरी-पिठलं खाऊन गच्चीवर बसलो, गूळ आणि पाणी शेजारी. घड्याळ समोर ठेवून मिनिटाला एक झुरका.

पहिली पाच मिनिटं नुसता कडबा. मग धूर नाकावाटे थोडा सोडला आणि भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलाचा वास आला, अगदी स्पष्ट. मध्यावर गूळ. काहिलीतला नाही, ढेप फोडताना येतो तो. मी सिगार खाली ठेवून नुसता बसून राहिलो. त्यानंतर थोडा कडवट व्हायला लागला तसा अर्ध्यावरच विझू दिला. गरगरलं नाही. वडील असते तर त्यांना हा वास दाखवला असता, विडीतला नव्हे.

तोंडाची तपासणी झाली, सगळं ठीक आहे. डॉक्टरांनी पुढच्या वर्षीची तारीख देऊन ठेवली आहे.

एकच शंका. शेवटच्या सिगारवर पांढरं पीठ भुरभुरल्यासारखं दिसतंय. ही बुरशी का? टाकून देऊ?

बालाघाटी (अंबाजोगाई)

उजेडात धरून बघा. केसाळ, उंचवटा आलेलं किंवा निळसर-हिरवट झाक असलेलं दिसलं तर बुरशी. फक्त वेष्टनावर असेल तर कोरड्या मऊ कापडानं पुसा आणि डबा दोन तास उघडा ठेवा. पेटवायच्या टोकाशी, आतल्या पानांत दिसली तर ओढू नका, टाकून द्या. डबाही धुऊन उन्हात वाळवा आणि पुडी नवी घाला.